जोडी लांबची

३ फेब्रु., सोम.
फळ्यावर आजचा आकडा मी लिहिला. २८,४१२. जिन्याजवळचा फळा, पाणी येणार नाही, मीटिंग आहे, कोण गेलं, सगळं त्याच्यावरच. आकड्याच्या खाली अजून पुसट दिसतंय, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या चाळीतील मिलिंद...' कोणीतरी ओल्या फडक्याने पुसलंय, पण खडू घोटून घोटून लिहिलेला. ते अक्षरही माझंच. सतरा दिवस झाले.
दळवी काका दूध घेऊन येत होते. "किती श्वास झाले गं आज?" मिलिंदला रोज विचारायचे तसंच विचारलं. मी आकडा सांगितला. अजून काय सांगणार.

४ फेब्रु., मंगळ.
मि.च्या गाइड मॅडम आल्या होत्या माईला भेटायला. माई म्हणजे मि.ची आई, पण चाळीत सगळ्यांचीच माई. मॅडमनी इतकी वर्षं कागदावरच वाचलेलं, वेगवेगळ्या संगणकांच्या जाळ्यावर वगैरे. "पण ते नक्की चालतं कुठे?" त्यांना वाटलं एखादी एसी खोली असेल. मी त्यांना गॅलरीत उभं केलं. म्हटलं, ही निळी वायर ज्या ज्या दारात शिरते ना, तिथे.
तीन चाळींत बावन्न मशीन. लिलावात एकगठ्ठा घेतलेली चौदा सोडली तर एक दुसऱ्यासारखं नाही. पोरांच्या अभ्यासाचे डबडे पीसी, पोलीस लाइनीतल्या शिंद्यांचा गेमिंगवाला राक्षस, शिवण क्लासच्या बाईंचा फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप, कॉलेजने भंगारात काढलेली. घरात कोणी वापरत नसलं की मशीन आपोआप मि.च्या खोलीतल्या मोठ्या डब्याकडे काम मागतं. त्या डब्याचं नाव जॉबर, मिलमध्ये जॉबर काम वाटायचा तसा. एखादं मशीन बंद पडलं तर त्याचं काम बदलीला, म्हणजे जे मोकळं असेल त्या दुसऱ्या मशीनला. नावं सगळी मि.ची.
काम म्हणजे श्वास. कापसाची धूळ, एवढ्या आकाराची, एवढ्या जोराने ओढली, तर फुप्फुसात कुठे बसते आणि बाहेर किती येते. असे चाळीस हजार हवेत. प्रत्येक श्वास दोन मशीनना द्यायचा, दोघांचं उत्तर जुळलं तरच फळ्यावर. मोठ्या संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर वेळ मिळावा म्हणून त्याने दोन वर्षं अर्ज केले, वेटिंग लिस्टच्या पुढे सरकला नाही. मग हे सगळं उभं केलं. वायर खेचायला मी.
मॅडम म्हणाल्या, ३१ मेपर्यंत आकडे पूर्ण झाले तर प्रबंध त्या सादर करतील. माणूस गेल्यावरही पदवी देता येते. अर्धवट असेल तर फाइल बंद, त्यांच्या हातात काही नाही.
माई म्हणाली, "नंदा करेल."
मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी काय, हो म्हटलं असतं.

९ फेब्रु., रवि.
दिवसभर मि.च्या खोलीत, जॉबरसमोर. माई मागे बसून मेथी निवडत होती. त्याच्या बाबांचा फोटो आणि आता त्याचा, शेजारी शेजारी. बाबा मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते, कापूस पिंजतात तिथे. आम्ही लहान असताना त्यांना कधी आडवं झोपलेलं पाहिलं नाही, भिंतीला टेकून बसून झोपायचे. मि. आठवीत होता ते गेले तेव्हा.
घरी आले तर आई फणफणलेली. "सकाळपासून थंयच! तू त्येची कोण लागतंस गो?"
अख्ख्या चाळीला वाटायचं आमचं काहीतरी आहे. आमचं काही नव्हतं. एका गॅलरीत वाढलो, एका शाळेत गेलो, तो शिकत राहिला आणि मी दादरला रिपेअरच्या गाळ्यात बसले. असतं काही, तर निदान रडता तरी आलं असतं सगळ्यांसमोर. मैत्रिणीने किती दिवस रडायचं, याचा नियम कोणी केलेला नाही. मी मि.च्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ताटं वाढत होते.

१२ फेब्रु., बुध.
असं चाललं तर गणपती येतील. दिवसाला पन्नास-साठ श्वास, काय होणार त्यात? आज मि.ची सेटिंगची फाइल उघडली. मराठीतच लिहून ठेवलंय बेट्याने.
जोडी = लांबची
हे ते! डिसेंबरमध्ये यावरूनच वाजलं होतं आमचं. म्हणजे एक श्वास इथल्या मशीनला, त्याचा जोडीदार पार पलीकडच्या चाळीतला. मधली वायर म्हणजे आनंदीआनंद, उंदीर खातात ती वेगळीच. मी त्याला म्हटलं होतं, लांब लांब कशाला जोड्या लावतोस, जवळच्या लाव, निम्म्या वेळात होईल. तर हसत म्हणाला, "जवळच्यांचं एकमत व्हायला काय लागतं गं?" मी म्हटलं, तुझी फिलॉसॉफी तुझ्याजवळ ठेव.
केली जवळची. सकाळचा आकडा २८,९०३.

१५ फेब्रु., शनि.
तीन दिवसांत चारशेच्या वर! गाळ्यात शेठ म्हणाला, आज काय खुशीत? काही नाही म्हटलं.
मि. असता तर तोंडावर सांगितलं असतं, बघ, दोन वर्षं तुझ्या हट्टापायी. असता तर.

१० मार्च, सोम.
३२,१५०. मॅडमचा फोन, खूश. माईला सांगितलं. तिने उठून मला दोन चपात्या आणि सुकट वाढली. मी जेवून आले होते तरी खाल्लं.
आमच्या तिन्ही चाळींची नोटीस लागली. १५ जूनपर्यंत खोल्या खाली करायच्या. टॉवर होईस्तोवर भाडं घ्या नाहीतर ट्रान्झिटमध्ये जा. लोकांची धावपळ सुरू, कोण कल्याण बघतंय कोण विक्रोळी. मी फक्त मोजत बसले, कोण गेलं की कुठलं मशीन जाणार.

१५ एप्रिल, मंगळ.
काल जयंती. दोन दिवस मशीन बंद ठेवली, लाइटिंग आणि स्पीकरचा लोड. दर वर्षी हा लोडचा हिशोब मि. करायचा. यंदा पोरांनी मला बोलावलं, कुठल्या फेजवर काय टाकायचं ते विचारायला. सांगितलं. संध्याकाळी माई पांढरी साडी नेसून खाली खुर्चीवर बसली होती. लोक येऊन पाया पडत होते, ती सगळ्यांना मि.चंच सांगत होती. "डॉक्टर होतोय माझा. मे महिन्यात." गेला असं कुठे म्हटलं नाही.
मग मला जवळ ओढून कानात, एवढ्या ढोलात मला ऐकूही येईना, "नव्या घराच्या दारावर पाटी लावणार. डॉ. आधी. नाव नंतर."
मी म्हटलं, लाव माई. छान मोठी लाव.

२७ एप्रिल, रवि.
३८,००६. आता काही अडत नाही.
उत्साहाच्या भरात माईला स्क्रीनवर दाखवलं. इतके महिने ती नुसते आकडे ऐकते, म्हटलं बघू दे तरी. फुप्फुसाचं चित्र, उलट्या झाडासारखं, आणि धुळीचे पिवळे ठिपके आत जातात, फांद्याफांद्यांत बसतात. एका श्वासाचं चाललं होतं. माईने भाजी बाजूला ठेवली. चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा सोडतो कधी?"
"काय सोडतो?"
"श्वास. घेतोच आहे. सोडत नाही हा."
मी हसले. माई, कॉम्प्युटर आहे तो, त्याला कुठे.
ती हसली नाही. "ह्यांच्या उशाशी अकरा वर्षं बसलेय मी. घेताना कसं, सोडताना कसं, मला सांगू नकोस."

२८ एप्रिल, सोम.
गाळ्यावर गेले नाही. सकाळपासून तपासतेय.
माई बरोबर आहे.
पाच-सहाशे श्वास उघडून बघितले. बऱ्याच ठिकाणी बाहेर येणारी धूळ शून्य. थोडी नाही, कमी नाही, शून्य. जेवढी आत गेली तेवढी आत. आणि प्रत्येकाची दोन उत्तरं तंतोतंत जुळलेली, म्हणून तर मुकाट फळ्यावर चढली.
कोणाची उत्तरं बघितलं. लिलाव ३ आणि लिलाव ९. लिलाव १ आणि लिलाव १२. लिलाव ७ आणि लिलाव ८.

२९ एप्रिल, मंगळ.
कळलं.
ती चौदा मशीन एका जातीची, एकाच कंपनीची, आतला हिशोबाचा जुना प्रोग्राम एकच. फार लहान आकडा आला की ती त्याला शून्य धरतात. श्वास सोडताना शेवटी हवा अगदी हळू असते, तो आकडा असाच लहान. त्यांच्यासाठी तिथे हवा थांबलीच. धूळ आतच राहिली. दुसऱ्या जातीच्या मशीनला तोच श्वास दिला की नीट सोडतो.
फाइलच्या शेवटी यादी आहे, मी खाली जाऊन कधी बघितलीच नव्हती. मि.चं अक्षर नाही, टाइप केलेलं, तरी त्याचाच आवाज येतो.
लिलाव १ ते १४: सख्खे.
कॉलेज भंगार: चुलत.
शिंदे: लांबचा.
शिवण क्लास: लांबची.
खाली एक ओळ, 'सख्ख्यांची एकमेकांना साक्ष चालत नाही. जोडी कायम लांबची.'
लांबची म्हणजे नात्याने लांबची. मी वायर मोजत बसले. च्यायला, अंतर समजले मी. आणि 'जवळची' केल्यावर जॉबर इमानाने सख्ख्या-सख्ख्यांच्या जोड्या लावत राहिला, अडीच महिने. वेग वाढला तो वायरीमुळे नाहीच, फास्ट मशीनना स्लोवाल्यांसाठी थांबावं लागलं नाही म्हणून.
"जवळच्यांचं एकमत व्हायला काय लागतं गं?" सांगत होता तो मला. सरळ सांगत होता. मी वर तोंड करून त्याला गप्प केलं. एकदा विचारलं असतं, म्हणजे काय रे? एवढंच. दोन मिनिटांचं काम.

२ मे, शुक्र.
१२ फेब्रुवारीनंतरचं काहीच धरता येत नाही. लिलाववाल्यांचं तर बादच. बाकीच्यांचं एकेक उत्तर ठेवता येईल, पण त्याला लांबचा साक्षीदार पुन्हा शोधायचा. म्हणजे फळ्यावर परत २८,९०३.
आणि मशीन उरलीत चौतीस. लोक जायला लागलेत. ३१ मे म्हणजे, सोडूनच दे.
सेटिंग परत लांबची केली.

५ मे, सोम.
आज फळ्यावर ३८,९४० लिहिलं. खोटं. जॉबर जे दाखवतोय ते न लिहिता अंदाजाने पुढचा आकडा टाकला, रोज वाढतो तसा. दळवी काका म्हणाले, "आला गं आला काठ!" मी मान डोलावली.
रोज ठरवते आज सांगायचं. रोज माई दारातच विचारते, किती राहिले?
दुसरा पण एक रस्ता आहे, लिहूनच ठेवते, लपवायचं कोणापासून. मॅडम सगळे श्वास उघडून बघणार नाहीत. उत्तरं जुळलेली आहेत, नियम पाळलाय, कागद साफ आहे. चाळीस हजार पूर्ण करून पाठवून दिलं तर मि. डॉक्टर होतो. कोणाचं काय बिघडतं? कोण माणूस मरणार आहे त्याने? जो मरायचा तो मेला.
हे मी लिहिलं. पुसत नाही.

८ मे, गुरु.
झोप नाही, जेवण नाही. आई विचारते, "काय झाला गो तुका?" तिला काय सांगू, शून्य धरलं म्हणून. मि. काय म्हणाला असता हे मला नीट माहीत आहे, तोच तर त्रास आहे. त्याने माझी मान धरली असती. आधी हसला असता, मग मान धरली असती.

११ मे, रवि.
सांगितलं माईला. सगळं. तूच पकडलंस माई, तो सोडत नव्हता, माझ्या चुकीमुळे. फळ्यावर पण खोटं लिहितेय आठवडाभर.
मला वाटलं होतं ती म्हणेल जाऊ दे. देवासारखी काहीतरी बोलेल. मूर्ख आहे मी.
ती उभी राहिली. "मला कशाला सांगायला आलीस? पाठवून टाकायचं होतंस." मी म्हटलं, खोटं आहे माई ते. तर जी सुटली! "ह्यांना मिलच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं, फुप्फुस साफ. सही केली, शिक्का मारला. दम लागत होता, चार पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि कागदावर फुप्फुस साफ! तेव्हा कोण आलं होतं तपासायला? एक रुपया भरपाई दिली नाही कोणी. त्यांचा खोटा कागद सगळीकडे चालला. माझ्या पोराचं कधी नव्हे ते पुरं होतंय, तर आता बरोबर-चूक बघायला बसलात सगळे!"
शेजारचे बाहेर आले.
"जा," म्हणाली. "आणि त्याच्या खोलीत यायचं असेल तर मी नसताना ये."
त्याची खोली म्हणजे तिचीच खोली. एकच तर आहे.

१२ मे, सोम.
आज वैशाखी पौर्णिमा. दर वर्षी माईकडची खिरीची वाटी येते. नाही आली. कशाला येईल. तरी दुपारपर्यंत दाराकडे लक्ष होतं माझं, निर्लज्जासारखं.

१४ मे, बुध.
मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी सही केली असती, नंदाताई." मी म्हटलं, माहीत आहे.
त्या विद्यापीठाला मुदतवाढीचा अर्ज करणार आहेत. गेलेल्या माणसाला मुदतवाढ देतात का हे त्यांनाही माहीत नाही. "अशी केस आलेली नाही," म्हणाल्या.

१८ मे, रवि.
फळा पुसला. २९,५७१ लिहिलं. खाली लिहिलं, 'मधले आकडे चुकीचे होते. चूक माझी. नंदा.' लोक येताजाता थांबून वाचत होते. शिवण क्लासच्या बाई म्हणाल्या, अगं दहा हजार? मी हो म्हटलं. दळवी काकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, "माझ्याकडचं पीसी ठीक आहे ना गं? की ते पण तसलंच?"
तुमचं ठीक आहे काका. तुमचं लांबचं आहे.
घरी येऊन रडले. आईने दार लावून घेतलं आणि डोक्यावर हात फिरवत राहिली. कोण लागतंस विचारलं नाही या खेपेला.

३१ मे, शनि.
आजची तारीख गेली. विद्यापीठाचं उत्तर नाही. नाही पण नाही आणि हो पण नाही.
३०,१८८. मशीन सव्वीस.
माईच्या खोलीत जाते, ती खाली भाजीला उतरली की. जॉबर बघते, निघते. काल ती लवकर वर आली. मी चपला घालत होते. ती बाजूने आत गेली, जणू मी खुंटीवरचा सदरा. बोल ना गं माई, शिव्या तरी दे.

७ जून, शनि.
दळवी काका कल्याणला चालले, मुलाकडे. टेम्पोत शेवटी पीसी ठेवलं, गादीत गुंडाळून. मी वायर काढत होते तर म्हणाले, "काढतेस कशाला? तिकडे नेट आहे की. पत्ता घालून दे त्या जॉबरचा."
माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! गॅलरीची निळी वायर म्हणजेच सगळं असं धरून बसले होते. पत्ता घालून दिला. उरलेल्या घरांत पण फिरले, जिथे जाताय तिथे लावाल का विचारत. कोणी हो म्हणालं, कोणी बघू, शिंद्यांची सून म्हणाली लाइट बिल तुम्ही भरणार का. तिचंही बरोबर आहे.

१४ जून, शनि.
उद्या शेवटचा दिवस. जॉबर हलवायला मी नि गाळ्यातला रफीक गेलो. माई होती. सामान बांधलेलं, दोन फोटो अजून भिंतीवरच. जॉबर बंद केला तेव्हा पंख्याचा आवाज थांबला आणि खोली एकदम... इतकी वर्षं तो आवाज तिथे होता, हे तेव्हाच कळलं.
माई पहिल्यांदा बोलली. "कुठे नेतेयस त्याला?"
"माझ्या गाळ्यात. दादरला. तिथून वाटेल कामं."
"किती झाले?"
"एकतीस हजारला थोडे कमी."
ती खिडकीकडे गेली. रफीकने डबा उचलला. आम्ही जिन्यापर्यंत आलो तर मागून आवाज, "नंदा, मला पण एक दे मशीन. चालणारं. भंगार नको."

२२ जून, रवि.
माईची नवी खोली, परळला, भाड्याची, दुसरा मजला. शिवण क्लासच्या बाईंनी तो फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप देऊन टाकला, नवा स्क्रीन मी घातला. जुनं आहे बिचारं पण खरं बोलतं. आज जाऊन लावून आले. माईने चहा केला. ११ मेबद्दल ती बोलली नाही, मी पण नाही. तिने माफ केलंय का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.
मॅडमचा काल मेसेज होता. अर्ज कुठल्यातरी समितीपुढे ठेवलाय, समिती कधी बसणार माहीत नाही. माईला वाचून दाखवला. ती म्हणाली, बसू दे.
जॉबरने लॅपटॉपला पहिला श्वास दिला. माई खुर्ची ओढून समोरच बसली.
"किती वेळ लागतो एका श्वासाला?"
"ह्याच्यावर? वीस-बावीस मिनिटं."
"एवढा?" मग स्वतःशीच, "ह्यांना पण लागायचा."
भाजी नाही, काही नाही, हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. ठिपके आत गेले. फांद्यांत बसले. मला वाटलं आता ती उठेल. पाय अवघडले तिचे, तरी नाही उठली. मग थोडे ठिपके, अगदी थोडे, वर सरकायला लागले, नळीतून, बाहेर. माई पुढे वाकली. तिचे ओठ हलत होते. मला बघवेना, मी खिडकीतून खाली बघत राहिले.
"सोडला," म्हणाली.
"हो."
"मग? धरला का?"
"अजून नाही माई. जोडीदाराचं उत्तर यायचंय. दळवी काकांचं पीसी आहे, कल्याणला. त्यांच्याकडे लाइट गेलीय बहुतेक, ते दिसत नाहीये."
"येईल कधी?"
"काय सांगू. लाइट आली की."
तिने पदराने चष्मा पुसून परत लावला. "बसते मग," म्हणाली.